जाम झालेलं छोटं पेट्रोल इंजिन घरी मोकळं करायचं: आधी काय, मग काय, आणि काय अजिबात नाही

पाऊस उघडला की काटोल, नरखेड, कळमेश्वरकडचे फवारणीचे पंप बाहेर निघतात, नागपुरात घराघरातले छोटे जनरेटर निघतात, गवत कापायच्या मशिनी निघतात. चार महिने कोठ्यात नाहीतर जिन्याखाली ओलीत पडलेलं इंजिन, दोरी ओढली तर जागचं हलत नाही. मग दोघं मिळून ओढतात, दोरी तुटते, मग कोणीतरी हातोडा आणतं आणि जे इंजिन दोन दिवस भिजवून मोकळं झालं असतं ते भंगारात जातं. पडून पडून जाम झालेली बरीच इंजिनं वाचतात, जी जातात त्यातली कितीतरी सोडवतानाच्या घाईने जातात, किंवा मोकळं झाल्याबरोबर सुरू केल्यामुळे. म्हणून क्रमाने लिहून राहिलो, क्रम बदलू नका.

हे एका सिलिंडरच्या, हवेवर थंड होणाऱ्या पेट्रोल इंजिनासाठी आहे. पाण्याचा पंप, जनरेटर, पॉवर स्प्रेअर, ब्रशकटर, लुना, जुनी स्कूटर. डिझेल इंजिन यात धरलेलं नाही.

## आधी सामान जमवा

अर्ध्यात इंजिन उघडं टाकून बाजारात पळायचं नाही. इतवारीत लोहाओळीकडे एक चक्कर मारली तर पाने वगैरे सगळं मिळून जाते.

- प्लग पाना. जाड प्लगला बहुतेक २१ चा लागतो, बाइक-मोपेडच्या बारीक प्लगला १६ चा, ब्रशकटरला बरेचदा १९ चा. प्लग पाहूनच घ्या.
- ८, १०, १२ च्या गोट्या (सॉकेट) आणि फ्लायव्हीलच्या, म्हणजे दोरीच्या कव्हरामागच्या जड चाकाच्या, नटाला बसेल ती मोठी गोटी, साधारण फूटभर हँडल.
- भिजवायला ऑइल: गंज सोडवायचा स्प्रे, नाहीतर एटीएफ म्हणजे पॉवर स्टेअरिंग-गिअरबॉक्सचं लाल ऑइल. एटीएफ आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं केलं तर चांगलं आत शिरते, पण ते थर होऊन वेगळं होतं, दर वेळी हलवूनच टाका. काहीच नसेल तर एटीएफमध्ये डिझेल.
- मोठी सिरिंज आणि बारीक नळी, टॉर्च, चिंध्या, तेल काढायला पसरट डबा.
- नवीन प्लग, नवीन इंजिन ऑइल, कार्बोरेटर क्लीनर.
- मोबाइल. प्रत्येक वायर, स्प्रिंग, लिंक काढण्याआधी फोटो. गव्हर्नरची (इंजिनाची रेस सांभाळणाऱ्या भागाची) बारीक स्प्रिंग कोणत्या छिद्रात होती हे चार दिवसांनी कोणालाच आठवत नाही.

सावध: अ‍ॅसिटोन आणि पेट्रोलची वाफ लगेच पेट घेते. स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यावर, गिझरजवळ, देवघराच्या दिव्याजवळ हे काम नाही. अंगणात किंवा गच्चीवर करा.

## १. खरंच इंजिन जाम आहे का ते आधी पाहा

इथेच सगळे चुकतात. दोरी हलत नाही म्हणजे पिस्टन जाम, असं काही नाही.

पहिले प्लगची टोपी काढा आणि प्लगपासून लांब बांधून ठेवा. पेट्रोलचा कॉक बंद. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून घ्या. आता प्लग खोला. प्लगच हलत नसेल तर बुडाशी थोडं ऑइल मारून तासभर थांबा, जोर करून तोडू नका, प्लगचे आटे अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये असतात आणि ते गेले की वेगळंच काम निघतं.

मग दोरीचं कव्हर काढा, बहुतेक तीन बोल्टवर असतं. बरेचदा दोष इथेच असतो, आतली स्प्रिंग अडकलेली किंवा दाते गंजलेले. कव्हर काढल्यावर पंख्याच्या आत टॉर्च मारून पाहा. उंदरांनी चिंध्या, कापूस, गवत आणून फ्लायव्हीलभोवती घट्ट घर केलेलं सापडतं. ते ओलं होऊन वाळलं की चाक अडवते, आणि नाही अडवलं तरी हवेची वाट बंद करून पुढे इंजिन तापवते, त्यामुळे सगळं साफ करून घ्या. सायलेन्सरचं तोंडही पाहा, कुंभारमाशी तिथे मातीचं घर हमखास करते.

नंतर इंजिनाला जोडलेली वस्तू वेगळी करा. पंपाचा इम्पेलर (पाणी फेकणारा आतला पंखा) गंजून घट्ट बसलेला असतो आणि लोक इंजिनाला दोष देतात. जनरेटरमध्ये आर्मेचर, ब्रशकटरमध्ये खालचा गिअर, बाइकमध्ये गाडी गिअरमध्ये तर नाही ना, हे पाहा.

तपासा: प्लग बाहेर, जोडलेलं सामान वेगळं, आता फ्लायव्हील हाताने दोन्ही दिशांना हलवा. फिरलं तर इंजिन जाम नव्हतंच. फिरता फिरता प्लगच्या छिद्रातून पेट्रोल किंवा ऑइल बाहेर आलं तर सिलिंडर भरलेलं होतं. द्रव दाबला जात नाही, म्हणून पिस्टन वर येऊच शकत नव्हता. कार्बोरेटरमधली फ्लोटची सुई गळत असली की टाकीतलं पेट्रोल आत उतरतं, किंवा गाडीत आडवं टाकून आणलं की ऑइल वर चढतं. अशा इंजिनाची दोरी प्लग न काढता जोरात ओढली तर कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, वाकू शकतो. यात चेंबरचं, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातलं ऑइल बदलणं आलंच, कारण त्यात पेट्रोल मिसळलेलं असणार. डिपस्टिकचा वास घ्या, कळून जाते.

## २. कशाने जाम झालं ते ठरवा

इलाज कारणावर आहे, त्यामुळे मशीन कशी बंद पडली हे घरच्यांना, गड्याला नीट विचारा.

ठेवून ठेवून जाम: चालू स्थितीत ठेवलं आणि नंतर हललं नाही. फोर स्ट्रोक इंजिन बंद पडताना एखादा वाल्व्ह उघडा राहिला की ओली हवा सरळ सिलिंडरमध्ये जाते, पिस्टनभोवतीच्या रिंगा आणि सिलिंडरच्या लोखंडी भिंतीमध्ये गंज धरतो. नाहीतर जुनं ऑइल डिंकासारखं होऊन चिकटतं. हे घरी सुटायला सगळ्यात सोपं.

तापून जाम: चालता चालता आवाज बदलला, दम गेला, बंद पडलं. ऑइल कमी होतं, किंवा टू स्ट्रोकमध्ये पेट्रोलात टूटी (2T, टू स्ट्रोकचं) ऑइल टाकायचं राहून गेलं. यात पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम घासून सिलिंडरच्या भिंतीला लागलेलं असतं. थंड झाल्यावर हे कधीकधी आपोआप सुटतं आणि लोक लगेच सुरू करतात. करू नका. भिजवून मोकळं झालं तरी उघडून पाहिल्याशिवाय हे इंजिन चालवायचं नाही.

तुटून जाम: मोठा आवाज झाला, चेंबरला भेग दिसते किंवा ऑइलमध्ये धातूचे तुकडे आहेत. रॉड किंवा बेअरिंग गेलं. हे घरचं काम नाही, इथेच थांबा.

आता प्लगच्या छिद्रातून टॉर्च मारून पाहा. फोनला लागणारा बारीक कॅमेरा असेल तर फारच छान. भिंतीवर लालसर गंज दिसतो की उभ्या चमकत्या रेघा, ते पाहा. एक प्लास्टिकची काडी हळूच आत टेकवून पिस्टन वर आहे की खाली याचा अंदाज घ्या (काही इंजिनांत प्लग तिरपा असतो किंवा पिस्टनच्या बरोबर वर नसतो, तिथे काडीवर पूर्ण भरवसा नाही). ही जागा लिहून ठेवा, चौथ्या टप्प्यात लागणार आहे.

## ३. भिजवणं, आणि खरोखर थांबणं

इंजिन असं टेकवा की प्लगचं छिद्र सगळ्यात वर येईल. बऱ्याच पंप-जनरेटरचं सिलिंडर तिरपं असतं, खाली विटेचा तुकडा लावून इंजिन कलतं करावं लागते. सरळ ठेवलं तर ऑइल एकाच बाजूला साचतं आणि अर्ध्या रिंगा कोरड्याच राहतात.

सिरिंजने ३० ते ५० मिली टाका, पिस्टनचं डोकं पूर्ण बुडलं पाहिजे. सायलेन्सरमधून किंवा कार्बोरेटरच्या बाजूने वाहून आलं तर तो वाल्व्ह उघडा आहे, थोडं थोडं करून दिवसातून तीन-चारदा टाकत राहा. टू स्ट्रोकमध्ये पिस्टन खाली असेल तर पोर्टमधून, म्हणजे भिंतीतल्या छिद्रांमधून, निघून जातं, तिथेही हेच.

छिद्रावर चिंधी ठेवा, प्लग घट्ट बसवू नका. आणि आता कमीत कमी २४ तास हात लावायचा नाही. गंज दिसला असेल तर तीन दिवस, जास्त असेल तर आठवडा.

टॉर्च मारून रोज पाहत जा. पहिल्या दिवशी एटीएफ लालभडक दिसतं. नंतर पिस्टनच्या कडेने तपकिरी रेघ धरते, कधी बारीकसा बुडबुडा वर येतो, आणि पातळी केसभर खाली गेलेली असते. म्हणजे ऑइल रिंगांमधून खाली उतरून राहिलं. पातळी अजिबात हलली नाही तर अजून थांबा, जोर लावण्यात अर्थ नाही.

सिलिंडरच्या बाहेरच्या पंखांवर लाकडाच्या दांड्याने अगदी हलके टकटक केलं तर ऑइलला वाट मिळते. उष्णताही मदत करते, म्हणजे तापू द्यायचं आणि थंड होऊ द्यायचं. उन्हाळ्यात नागपूरचं ४४-४५ डिग्रीचं ऊन आहेच, दिवसभर गच्चीवर ठेवा, रात्री गार होईल, पण त्या वेळी आत फक्त एटीएफ ठेवा, अ‍ॅसिटोन नको. पावसाळ्या-हिवाळ्यात बाहेरून गरम पाण्यात बुडवलेल्या चिंध्या गुंडाळा.

सावध: ब्लो टॉर्च, गॅसची शेगडी, जाळ यातलं काहीच नाही. आत पेट घेणारं ऑइल आहे. शिवाय अ‍ॅल्युमिनियम लोखंडापेक्षा साधारण दुप्पट फुगतं, त्यामुळे लोखंडी स्लीव्हमधला (सिलिंडरच्या आतल्या नळीतला) पिस्टन तापला तर तो उलट घट्ट होतो.

## ४. हलवणं: थोडं पुढे, थोडं मागे

दोरीला हात लावू नका, दोरी जाम सोडवायला नसतेच. फ्लायव्हीलच्या मधल्या नटावर गोटी लावा आणि इंजिन ज्या दिशेने फिरतं त्या दिशेला हळू दाब द्या, त्या दिशेला नट साधारण आवळला जातो. उलट दिशेला जास्त जोर दिला तर इंजिनाऐवजी नट सुटतो, म्हणून उलटं फक्त हलकं.

एका फुटाच्या हँडलवर एका हाताचा सावकाश वाढता दाब, एवढंच. पान्याला पाइप लावून लांबी वाढवायची नाही. झटका नाही. फ्लायव्हीलवर हातोडा तर कधीच नाही, त्याचे पंख तुटतात, आत बसवलेलं चुंबक निखळतं आणि चाक कायमचं हेलकावे खातं.

गिअरची बाइक असेल तर प्लग काढून, टॉप गिअर टाकून मागचं चाक पुढे-मागे हलवा, हा सगळ्यात सौम्य उपाय. स्कूटीसारख्या बेल्टच्या गाडीत हे जमत नाही, तिथे मॅग्नेटचा, म्हणजे फ्लायव्हीलचा नटच.

पहिल्यांदा हलतं तेव्हा हाताला जेमतेम कळतं, नट केसभर सरकल्यासारखा वाटतो आणि परत अडतो. इथे आनंदात पूर्ण फिरवू नका!! गंजाचे कण आता सुटे झालेत, तसंच पुढे ढकललं तर तेच कण भिंत खरवडतात. मागे आणा, आणखी ऑइल टाका, तासभर थांबा, परत पुढे. दर वेळी थोडं जास्त. पूर्ण फेरा व्हायला एखादवेळी अख्खा दिवस जातो, जाऊ द्या.

तपासा: पिस्टन अगदी वर किंवा अगदी खाली अडकला असेल तर नट फिरवण्याचा उपयोग जवळपास होत नाही, कारण रॉड आणि क्रँक एका रेषेत येतात आणि तुमचा जोर पिस्टनपर्यंत पोचत नाही. आठवडा भिजवूनही अशा जागी हलत नसेल तर पान्यावर लटकू नका, पुढच्या टप्प्यावर जा.

पंक्चरवाल्याकडची हवा प्लगच्या छिद्रातून भरून पिस्टन ढकलायचा सल्ला कोणी दिला तर सरळ नाही म्हणा. दाबलेली हवा एकदम सुटली की ऑइल, गंज, पाना सगळं अंगावर येतं.

## ५. नाहीच हललं तर हेड खोला

हेडचे बोल्ट एकदम एकेक करून नाही काढायचे, समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे ढिले करायचे. पुशरॉड (वाल्व्ह ढकलणाऱ्या काड्या) निघाले की कोणता इनलेटचा, कोणता एक्झॉस्टचा, खूण करून ठेवा. हेड गॅस्केट नवीनच लागेल, आधी आणून ठेवा.

आता सिलिंडर समोर उघडं दिसेल. पिस्टनच्या वर उघड्या दिसणाऱ्या भिंतीवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने ऑइल लावून काढा, कारण पिस्टन वर येताना रिंगा त्याच कड्यावर अडतात. मग पिस्टनच्या मापाचा लाकडी ठोकळा ठेवून लाकडी हातोडीने हलके ठोका, दुसऱ्या कोणाला त्याच वेळी नटावर हलका दाब द्यायला सांगा. लोखंडी दांडा थेट पिस्टनवर नको, डोक्याला भोक पडते. पिस्टन एकदम खाली बसलेला असेल तर ठोकून काही होणार नाही, खाली जायला जागाच नाही. तिथे चेंबर खोलून खालून ढकलावं लागते, आणि घरी त्याची सोय नसेल तर लेथवाल्याकडे न्या.

हेड निघालंच आहे तर भिंतीवरून नख फिरवा. नुसता डाग असेल, नख अडकत नसेल तर चालेल. नख अडकतं अशी उभी रेघ असेल तर बोरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन, नाहीतर नवीन स्लीव्ह. छोट्या ब्रशकटरचं सिलिंडर आतून मुलामा दिलेलं असतं, त्याला बोर करत नाहीत, सिलिंडर-पिस्टनचा सेटच बदलतात. तो खर्च आणि मशीनची किंमत आधी ताडून पाहा.

## ६. मोकळं झालं, आता लगेच सुरू करू नका

माझ्या मते सगळ्यात जास्त इंजिनं इथे मरतात. चाक फिरायला लागलं की लोक प्लग बसवतात आणि दोरी ओढतात. आत गंजाचा चिखल आहे, आणि तुम्ही टाकलेलं सगळं डिझेल-अ‍ॅसिटोन खाली चेंबरच्या ऑइलमध्ये उतरलेलं आहे. त्या पातळ ऑइलवर दोन मिनिटं चालवलं की इंजिन परत जाम, आणि या वेळी तापून.

१. प्लगच्या छिद्रावर चिंधी धरून चाक हाताने दहा-पंधरा वेळा फिरवा. तोंड छिद्रासमोर आणू नका.

२. जुनं ऑइल पूर्ण काढा. थोडं नवीन ऑइल टाकून, हलवून तेही काढा. मग नवीन भरा. ५-६ हॉर्सपॉवरच्या पंप-जनरेटरला साधारण ६०० मिली लागतं, पण शेवटचा शब्द डिपस्टिकचा. टू स्ट्रोकमध्ये चेंबरला ऑइल नसतं, तिथे इंजिन उलटंपालटं करून साचलेलं सगळं निथळू द्या.

३. सिलिंडरमध्ये चमचाभर स्वच्छ इंजिन ऑइल टाकून परत फिरवा. कुठे खरखर किंवा एकाच जागी अडतं का ते हाताला पाहू द्या.

४. वाल्व्हचं कव्हर काढून फिरवताना दोन्ही वाल्व्ह वर-खाली होतात का ते पाहा. पिस्टन सुटला पण वाल्व्ह गाइडमध्ये चिकटून राहिला तर पुशरॉड वाकतो. वाल्व्ह वाजत असतील तर गॅप लावा, वरच्या मापाच्या होंडा जीएक्स पद्धतीच्या इंजिनांना इनलेट ०.१५ आणि एक्झॉस्ट ०.२० मिमी असतो, इंजिन थंड असताना.

तपासा: प्लगच्या छिद्रावर अंगठा दाबून चाक झटक्याने फिरवा. अंगठा उडाला पाहिजे. अगदीच दम नसेल तर रिंगा चिकटलेल्या आहेत किंवा वाल्व्ह बसत नाही, सुरू करायच्या आधी ते पाहा.

जुनं ऑइल नालीत ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, ते ड्रममध्ये जमा करतात.

## ७. पेट्रोल आणि स्पार्क

हे थोडक्यात, पण सोडू नका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, ते ओल ओढतं, खूप दिवस पडलं की पाणी तळाला बसतं आणि कार्बोरेटरच्या वाटीत हिरवट-पांढरा थर धरतो. वाटी खोला, जेट काढून उजेडाकडे धरा, आरपार गोल छिद्र दिसलं पाहिजे. क्लीनर मारा, वायरमधली तांब्याची एक बारीक तार घाला, सुई खुपसून छिद्र मोठं करू नका. रबरी नळी कडक किंवा चिकट झाली असेल तर बदला. टाकीत गंज असेल तर आधी टाकी धुवा, नाहीतर उद्या जेट परत बुजेल.

फ्लायव्हीलवरचं चुंबक आणि कॉइलची टोकं गंजलेली असतील तर बारीक पॉलिश पेपर फिरवा. नवीन प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिमी. नटावर जोर लावलेला आहे, म्हणून फ्लायव्हीलची चावी (चाक शाफ्टवर एका जागी धरणारा छोटा तुकडा) सरकली नाही ना तेही पाहा, चावी कापली गेली की टायमिंग बिघडून दोरी हाताला झटका देते.

## ८. पहिली सुरुवात

उघड्यावर, भिंतीपासून लांब. बंद खोलीत, शटरच्या आत, जिन्याखाली नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि माणूस जागेवर जातो.

ताजं पेट्रोल अर्धा लिटर पुरे. टू स्ट्रोक असेल तर पहिल्या टाकीला लिटरला ४० मिली टूटी ऑइल ठेवा. बंद करायचं बटण चालतं का ते आधी पाहा. ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारू नका, आत्ताच सुटलेल्या रिंगांवरचं ऑइल तो धुऊन टाकतो.

सुरू झाल्यावर पांढरा-निळा धूर निघेल, घाबरू नका, आतलं ऑइल जळून राहिलं. लोड न देता, कमी रेसवर पाच मिनिटं, मग बंद. पूर्ण थंड होऊ द्या आणि परत हाताने फिरवून पाहा, आधीसारखंच मोकळं फिरलं पाहिजे. मग दहा-पंधरा मिनिटं चालवा आणि गरम असतानाच ऑइल पुन्हा बदला. कालच नवीन टाकलं म्हणून जीव तुटतो, पण उन्हात धरून पाहा, त्यात बारीक गंज चमकताना दिसेल. त्यानंतरच पंप जोडा, तोही पहिले दोन-तीन तास अर्ध्या लोडवर.

धूर अर्ध्या तासानेही कमी झाला नाही, किंवा खणखण आवाज येतो, तर बंद करा. रिंगा बदलायच्या आहेत.

## ९. पुढच्या पावसाळ्याआधी

मृगाच्या आधी एक संध्याकाळ काढा. टाकी रिकामी करा, इंजिन चालू ठेवून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपवा. प्लग काढून चमचाभर इंजिन ऑइल आत टाका, दोरी तीन-चारदा हळू ओढा, प्लग बसवा. मग दोरी परत हळूहळू ओढा आणि जिथे ती जड लागते तिथे सोडून द्या. त्या जागी दोन्ही वाल्व्ह बंद असतात, ओली हवा आत जात नाही. सायलेन्सरच्या तोंडाला चिंधी बांधा, म्हणजे कुंभारमाशी येणार नाही, आणि ती चिंधी लाल रंगाचीच घ्या, सुरू करताना काढायची लक्षात राहते. मशीन फरशीवर न ठेवता पाटावर ठेवा आणि महिन्यातून एकदा दोरी हलक्या हाताने ओढून परत त्याच जड जागी आणून ठेवा.